डावा बंपर

रबर मरायला लागलं की आधी चिकट होतं. बोट लावलं तर बोट धरून ठेवतं. मग कधीतरी कडक होतं आणि उचलताच हातात तुकडे येतात. बाबांच्या डब्यातली रबरी कडी या दोन्हींच्या मधे कुठेतरी होती. काही बोटांना चिकटली, काहींचा भुगा झाला, आणि त्यातून जो वास आला त्याने मी वारज्यातल्या माझ्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सकाळी साडेअकराला, कुकर लावायचा सोडून नुसतीच बसून राहिले.

जुनं रबर, यंत्राचं तेल, आणि त्याखाली अगदी पुसट, गुलाबाचं सरबत. सरबताचा वास खरा नसणार हे मलाही कळतं. पत्र्याच्या डब्यात सरबत कुठून येणार? पण मला आला. आणि माझं वय आता असं आहे की दारात आलेला वास मी परत पाठवत नाही.

डबा माळ्यावरून काढला होता तो आफरीनसाठी. आठवड्यापूर्वी तिचा फोन आला होता.

"आंटी, तुम्ही टेलिफोनमधल्या शिंदेंची मुलगी ना?"

"टेलिफोनमध्ये शिंदे पुष्कळ होते," मी म्हटलं. "तुम्हाला कुठले हवेत?"

"पिनबॉलवाले."

असं विचारल्यावर मात्र शिंदे एकच उरतात.

आफरीन ही हमीदचाचांची नात. हडपसरला तिने कॉफीचं दुकान काढलंय, आणि तिथे तिला पिनबॉलची यंत्रं ठेवायची आहेत. एक कोरं करकरीत यंत्र तिने परदेशातून मागवलंय, ते अजून बंदरातल्या कागदपत्रांत अडकलंय. दुसरं जुनं आहे, आजोबांचं. येरवड्यात त्यांच्या घराण्याचं गोदाम आहे, तिथे ताडपत्रीखाली ते इतकी वर्षं उभं होतं. ते उघडलं तेव्हा आतल्या फळीवर एक कागद चिकटवलेला सापडला, बाबांच्या अक्षरातला: कुठली तार कुठे जाते त्याचा तक्ता, आणि खाली नाव. तिला आता त्याचे सुटे भाग हवे होते, जे बाजारात कुठे मिळत नाहीत. आणि बाबांच्या सुट्या भागांचा डबा, तीन घरं बदलली तरी, मी कधी टाकला नव्हता.

"ते यंत्र कुठलं?" मी विचारलं होतं. "पाठीच्या काचेवर चित्र कसलं आहे?"

"रात्रीचं आकाश आहे आंटी. खूप सारे स्टार्स."

चांदणी.

फोन ठेवल्यावर मी ते नाव एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. घरात ऐकायला कुणी नव्हतंच, ती गोष्ट वेगळी.

•

कॅम्पात हमीदचाचांचं सरबताचं दुकान होतं. पुढे संगमरवरी टेबलं, गुलाब, खस आणि लिंबाच्या बाटल्या, सबजा भिजवलेलं काचेचं भांडं. मागे एक लांबट हॉल, आणि त्यात भिंतीशी ओळीनं तीन यंत्रं. उतरत्या फळीवर काच, काचेखाली रंगीत जग. दट्ट्या ओढून सोडला की पोलादी गोळी वर उसळायची आणि खाली येताना बंपरांवर, म्हणजे त्या दिव्यांच्या गोल टोप्यांवर आपटत, ठोकरा खात, घंटा वाजवत घरंगळायची. तळाशी दोन छोटे हात, फ्लिपर. तेवढ्या दोन हातांनी तिला खाली पडू द्यायचं नाही, एवढाच खेळ.

यंत्रांना मी नावं दिली होती. एकाच्या काचेवर पत्त्यातली राणी होती, ती राणी. दुसरा घोडा. तिसऱ्यावर जहाज होतं पण त्याचं शीड खरवडलेलं, म्हणून त्याला मी होडी म्हणायची. तिन्ही यंत्रं कुठल्या कुठल्या क्लबांतून, हातोहात फिरून आलेली. हमीदचाचा म्हणायचे, "बेटा, ही सगळी पेन्शनर आहेत. यांच्याशी आवाज चढवून बोलायचं नाही."

बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होते. दिवसभर ते रिले, म्हणजे विजेने आपोआप जुळणारे-सुटणारे खटके, नीट करायचे, आणि पिनबॉलच्या पोटात रिलेच असतात, एक्स्चेंजमधल्यांचीच भावंडं. सरबत प्यायला म्हणून ते एकदा तिथे गेले, होडी बंद पडलेली पाहिली, आणि बाह्या सरसावल्या. त्यानंतर आमचे रविवार तिथे जाऊ लागले. सकाळी आठची बस. बाबांचं पांढरं पूर्ण तिकीट, माझं गुलाबी अर्धं. दुकान दुपारी उघडायचं, तोवर तो हॉल आमचा.

रविवारच्या सकाळी त्या हॉलमध्ये उजेड पुढच्या दुकानातून गाळून येई. रंगीत बाटल्यांमधून आल्यामुळे तो फरशीवर थोडा लाल, थोडा हिरवा पडायचा. बाबा काच काढत, फळी वर उचलून टेकवत, आणि यंत्राचं पोट उघडं पडे: हजार तारा, पितळी पाती, कॉइली, घंटा. वरून जे आकाश दिसायचं त्याच्या खाली हे एवढं चाललेलं असतं, हे मला अजून खरं वाटत नाही. खाली ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असायचा. मला त्या आवाजाने झोप यायची आणि झोपायचं नसायचं, अशी ती सकाळ असे.

सुटे भाग मिळत नसत. हे आजच्या लोकांना कसं सांगावं? आफरीन एरवी काहीही हवं असलं की मोबाइलवर बोट फिरवते आणि आठ दिवसांत पाकीट दारात येतं. आमचे भाग जुन्या बाजारातून यायचे, किंवा बाबांच्या डोक्यातून. रबरी कडी संपली की सायकलच्या ट्यूबच्या चकत्या. त्यांचा गोळीवर काळा डाग पडायचा म्हणून दर रविवारी गोळ्या पुसायच्या. दिवे स्कूटरच्या मागल्या दिव्याचे. स्प्रिंगा जुन्या बाजारातल्या एका म्हाताऱ्याकडच्या ढिगातून, एकेक ताणून, कानाशी धरून निवडलेल्या. गोळी म्हणजे ट्रकच्या बेअरिंगमधली. ती काचेवरून सोडायची आणि आवाज ऐकायचा. खरबरीत आवाज आला की बाबा म्हणत, "हिला घरी जाऊ दे."

आणि कॉइल जळली की ती पुन्हा गुंडाळायची. हातड्रिल टेबलाला बांधून बाबा तार सोडत, मी मूठ फिरवी आणि वेढे मोजी. दर शंभराला एक चिंचोका बाजूला ठेवायचा. अधेमधे हमीदचाचा मुद्दाम येऊन म्हणत, "बेटा, काल किती वाजता पाऊस पडला गं?" म्हणजे माझा आकडा चुकावा. मी ओठ मिटून मान हलवायची. मोजताना बोलायचं नाही हे मी तिथे शिकले. आजही कुणी मला मेथीची जुडी निवडताना काही विचारलं तर मी उत्तर देत नाही, आणि लोकांना वाटतं मी तुसडी आहे. तशी मी आहेही.

हॉलच्या भिंतीवर बाबांनी लिहिलेली पाटी होती. "यंत्र हलवू नये. हलवल्यास डाव जातो. डाव गेल्यास मालकांशी वाद घालू नये, ते तुमच्याच बाजूचे आहेत." शेवटचं वाक्य हमीदचाचांनी सांगून घालून घेतलं होतं.

बाबांचा सगळा जीव अंतरात असे. गोळी बंपरला लागली की खालची दोन पितळी पाती एकमेकांना टेकतात, कॉइलला वीज मिळते, बंपर ठोकर देतो. पाती लगेच सुटली पाहिजेत. टेकूनच राहिली तर कॉइल तापते आणि जळते. तेव्हा दोन पात्यांमधे अंतर किती ठेवायचं, त्यावर सारं. एक्स्चेंजमध्ये त्यासाठी पोलादी पट्ट्यांचं माप होतं, पण ऑफिसची वस्तू ऑफिसात. इथे बाबा हात पुढे करून म्हणत, "तुझं तिकीट दे." माझं गुलाबी अर्धं तिकीट दुमडून पात्यांमधे सरकवायचं, अडकता कामा नये, पडता कामा नये. पुण्यातला कुठलाही रिले त्या तिकिटाने बरोबर लागतो, असं ते म्हणत. बाबा कुठल्याच गोष्टीची बढाई मारत नसत. ही एकच मारत.

मला फार अभिमान वाटायचा. तिकीट माझं होतं ना.

•

नवं यंत्र घ्यायचं हमीदचाचांच्या मनात दोन वर्षं होतं. मुंबईतला कुणी एजंट मागवून द्यायला तयार होता. परवाने, ओळखी, बंदरातली खटपट, यातलं मला काहीच कळत नव्हतं आणि आज आठवतही नाही. आठवतं ते एवढंच, की एका रविवारी सरबताचा पेला ओठाला न लावता हातात फिरवत चाचा म्हणाले, "शिंदेभाऊ, नवीन घेऊ का? घेतलं आणि बिघडलं, तर मुंबईपर्यंत कोण धावणार?"

बाबा होडीच्या पोटात डोकं घालून होते. तिथूनच म्हणाले, "मी आहे ना."

तेवढ्यावर चाचांनी यंत्र मागवलं.

भाद्रपदात ते आलं. लाकडी खोक्याच्या खिळ्यांचा आवाज, आतला भुसा, आणि मग तो वास! कोऱ्या लाकडाचा, रंगाचा, कुणाचेच हात न लागलेल्या वस्तूचा. आमची पेन्शनर यंत्रं त्या वासापुढे एकदम म्हातारी दिसायला लागली, मला त्यांची दयाच आली. पाय बसवले. यंत्र आडवं सरळ आहे का बघायला बाबांनी काठोकाठ भरलेला सरबताचा पेला कडेवर ठेवला आणि पायाखालच्या चकत्या फिरवत राहिले, पेल्यातली लाल रेघ काठाला डावीकडे-उजवीकडे सारखी लागेपर्यंत. मग तो पेला मला मिळाला. दिवे लागले तेव्हा काचेवरचं निळं आकाश आतून उजळलं आणि हमीदचाचा, एवढे मोठे हमीदचाचा, टाळी वाजवून हसले. "चांदणी," मी म्हटलं. नाव माझंच राहिलं.

त्यानंतरचे चार रविवार मला एकाच रविवारासारखे आठवतात. मी स्टुलावर उभी. गोळी वर जातेय, निळ्यात हरवतेय, डाव्या बंपरला लागून तीनदा टण टण टण, आकड्यांच्या चकत्या खडखडत फिरताहेत, आणि बाबा पाठीमागे हात बांधून डोळे मिटून ऐकताहेत. ते खेळत नसत. ते ऐकत.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी घरी बाबांची पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न पाटावर मांडून त्यांना गंधफूल व्हायचं, तसं दरवर्षी दुकानातही व्हायचं. दुकानाचे कामगार यंत्रांना झेंडूच्या माळा घालत आणि हमीदचाचा पेढे वाटत. त्या वर्षी चाचांनी आदल्या रविवारीच सांगून ठेवलं होतं, "नव्या वस्तूला लेकीचा हात लागू दे. चांदणीची पूजा बेटा करणार."

मी परकर-पोलकं घालून, तबक सांभाळत बसमधून गेले. बाबांनी चांदणीची काच काढून फळीला मेण लावलं होतं, ती चकाकत होती. मला म्हणाले, "पायाला कुंकू लाव. आत काही टाकू नकोस." आणि मेणाचे हात धुवायला मागे गेले.

मी चारी पायांना हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं. चाचा बाजूला उभे. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही, आणि मला तर मुळीच नाही.

"पायाशीच कशाला सगळं?" ते हळूच म्हणाले. "जान तर आत आहे तिची."

एवढं मला पुरलं. चिमूटभर अक्षता मी डाव्या बंपरवर टाकल्या. डाव्याच का, तर तो माझ्या हाताजवळ होता, आणि मला आवडायचा. लाल तांदूळ त्या पांढऱ्या टोपीवर फार शोभले. मग नळ बंद झाल्याचा आवाज आला, तसं चाचांनी घाईघाईने रुमालाने सगळे दाणे टिपून घेतले आणि आम्ही दोघं दोन साळसूद माणसांसारखे उभे राहिलो. बाबांनी काच बसवली.

दुपारी दुकान भरलं. सणाचा दिवस, चांदणीभोवती ही गर्दी! आणि पाचच्या सुमाराला डावा बंपर ठोकर देऊन वर आलाच नाही. खालीच बसला. एक घुमणारा आवाज, मग तो वास. कॉइलचं रोगण जळण्याचा वास गोडसर असतो, घशात राहतो. बाबांनी धावत जाऊन वीज तोडली.

माणसं पुढे सरबताकडे पांगली. बाबांनी फळी उचलली. बॅटरी दातात धरली. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग न वळताच हात मागे केला आणि म्हणाले, "तुझं तिकीट दे."

मी दिलं. ते अंतर बघताहेत असं मला वाटलं. तिकीट घेऊन हात आत गेला, बाहेर आला तो मूठ मिटून. तिकीट त्यांनी दुमडून शर्टाच्या खिशात ठेवलं. मला ते परत मिळालं नाही.

"काय झालं, शिंदेभाऊ?" चाचांनी विचारलं.

"अंतर कमी पडलं," बाबा म्हणाले. "पाती चिकटून राहिली. मीच लावलं होतं. चूक माझी."

मी त्यांच्याकडे बघत होते. मला लाज वाटली. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच झालं: इतक्या माणसांत, सणाच्या दिवशी, माझे बाबा चुकले आणि तेही माझ्या तिकिटाने, याची मला लाज वाटली.

•

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखंच आहे. एजंटने कॉइल पाठवण्याआधी विचारलं, जळली कशाने? बाबांनी आपल्या हाताने लिहून दिलं: अंतर लावण्यात माझा दोष. पार्ट येईपर्यंत थंडी गेली. मधल्या एका रविवारी बाबांनी घरीच कॉइल गुंडाळली, चांदणीसाठी. वेढे मी मोजले, चिंचोके मांडले. पण ती बसवायची वेळ आली नाही. होळीच्या आधी मुंबईहून कॉइल आली, तिच्यासोबत मुंबईचा मेकॅनिक आला, आणि अट आली की यापुढे स्थानिक माणसाने यंत्राला हात लावू नये, नाहीतर हमी संपली. हमीदचाचांचा चेहरा उतरला होता. बाबाच त्यांना समजावत होते, "बरोबर आहे त्यांचं. मीही हेच लिहिलं असतं."

हळूहळू राणी, घोडा, होडी गेली, त्यांच्या जागी आणखी नवी आली. आमचे रविवार घरी जाऊ लागले. ईदला चाचांकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा, त्यात खंड नाही पडला. बाबा सरबत प्यायलाही जायचे. पुढच्या टेबलाशी बसायचे, पेला संपवायचे, आतून घंटा ऐकू यायच्या तिकडे जरा कान द्यायचे आणि उठायचे. मागच्या हॉलमध्ये ते पुन्हा गेले नाहीत.

आणि मी काय केलं, तर मी त्याची गंमत केली. आधी लाज गेली, मग थट्टा उरली. बाबा भिंतीवर खिळा ठोकायला लागले की मी म्हणायची, "बाबा, अंतर बघा हं." स्कूटर लावताना, पानं मांडताना, माझ्या लग्नात खुर्च्यांच्या ओळी लावताना. नवऱ्याने ते उचललं, मग मुलांनी. घरातला तो कायमचा विनोद झाला. बाबा दर वेळी हसायचे. "बघतो, बघतो," म्हणायचे. शेवटच्या आजारपणात नर्स सलाईनची बाटली अडकवत होती तेव्हाही मीच म्हटलं, बाबांना हसवायला. तेव्हाही ते हसले.

•

आफरीन साडेबाराला आली. केस आखूड, पाठीवर सॅक, डोळे हुबेहूब हमीदचाचांचे, त्यामुळे मी दार धरून तिच्याकडेच बघत उभी राहिले. डबा बघून ती जमिनीवरच बसली.

"आंटी, कसलं भारी कलेक्शन आहे! हे बल्ब चालतील?"

"स्कूटरचे आहेत. चालले तर चालले."

ती एकेक वस्तू वर्तमानपत्रावर मांडत होती, फोटो काढत होती. स्प्रिंगा. एक पोलादी गोळी, तिच्यावर अजून ट्यूबचा काळा डाग. मग मेणकापडात गुंडाळलेली कॉइल, तांब्याची तार अजून लखलखीत.

"ही तर यूजच झालेली नाही."

"नाही. राहून गेली बसवायची."

"आणि आंटी, चांदणीचा लेफ्ट बंपर डेड आहे! तिथली कॉइलच गायब आहे, नंतर कुणीतरी काढून नेली असेल."

तेव्हा मला ती वेगळी पुडी दिसली. डब्याच्या तळाशी, जुन्या आंतर्देशीय पत्रात बांधलेली. वर बाबांच्या बारीक अक्षरात: डावा बंपर, खंडेनवमी. आफरीनने दोरा सोडला. आत जळलेली कॉइल होती, काळी, रोगण फुगून आलेलं. आणि तिच्या पोकळीत खोचलेलं एक दुमडलेलं गुलाबी तिकीट.

"हे काय आहे?"

मी तिच्या हातातून घेतलं. उघडायला भीती वाटत होती, इतका तो कागद तकलादू झाला होता. आत तांदळाचा एक दाणा होता. एका बाजूने कुंकवाचा लाल, दुसऱ्या बाजूने करपलेला.

मला कळायला वेळ लागला नाही. रुमालाने टिपताना एक दाणा टोपीखालच्या फटीतून आत गेला होता. खाली पात्यांमागे जाऊन अडकला होता आणि पाती दाबून धरली होती. अंतर बरोबर होतं. बाबांचं अंतर नेहमीच बरोबर होतं. त्यांनी तो दाणा पाहिला, लाल रंग पाहिला, मागे परकर-पोलक्यात मी उभी आहे हे ओळखलं, आणि माझंच तिकीट मागून घेतलं. दहा वर्षांच्या मुलीला तांदूळ आणि वीज यांचा संबंध लागत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तो लागू नये एवढीच त्यांनी व्यवस्था केली, आणि तिच्यापायी आपले सगळे रविवार देऊन टाकले. आणि मी त्यांना आयुष्यभर सांगत राहिले, बाबा, अंतर बघा.

मी रडले. आफरीन गडबडून गेली, पाणी आणायला उठली, तिला स्वयंपाकघर सापडेना. मग परत येऊन माझ्या शेजारी बसली आणि मी तिला सगळं सांगितलं. तिच्या आजोबांचा रुमालसुद्धा.

तिने जळलेली कॉइल तळहातावर फिरवून पाहिली. मग म्हणाली, "दादा, म्हणजे आजोबा, शेवटपर्यंत खंडेनवमीला मशीनच्या पायालाच कुंकू लावायचे. मी एकदा विचारलं, आत का नाही? तर म्हणाले, शिंदेभाऊंनी नको सांगितलंय."

चाचांना कळलं होतं का? केव्हा? दोघं पुढच्या टेबलाशी सरबत पीत बसायचे, तेव्हा यावर काही बोलले असतील का? आता विचारायला कुणी नाही. मला वाटतं, कळलं असावं आणि बोलले नसावेत.

आफरीनने सगळं सॅकमध्ये भरलं. पुडीकडे पाहून म्हणाली, "आणि हे?"

"डबा पूर्ण घेऊन जा," मी म्हटलं. "तेवढा तिकिटासकट दाणा राहू दे. तो पार्ट पुन्हा मिळायचा नाही."

•

गेल्या रविवारी ती मला येरवड्याला घेऊन गेली. गोदामात पत्र्याच्या फटींतून ऊन उतरत होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि मधोमध चांदणी. आकाशाचा निळा रंग फिका पडलाय, एका कोपऱ्यात काच तडकलीय. उजवा फ्लिपर अजून अर्धाच उठतो. आकड्यांची एक चकती चारवर अडकून बसलीय, तिला कुणाचं ऐकायचं नाही. पण आफरीनने डाव्या बंपरला बाबांची कॉइल बसवली होती, आम्ही चिंचोके मांडून मोजलेली. दोन्ही टोकं डाग देऊन जोडली होती. पाती मात्र तिने तशीच ठेवली होती.

"अंतर तुम्ही लावा आंटी. मी व्हिडिओ बघून लावते, पण हे तुमचं आहे."

मी पर्समधून गुलाबी तिकीट काढलं. दाणा एका डबीत घरी ठेवून आले होते. तिकीट दुमडलं, पात्यांमधे सरकवलं. एकदा अडकलं, एकदा पडलं. तिसऱ्यांदा ना अडकलं, ना पडलं.

फळी खाली टेकवली. काच बसवली. ती बसल्यावर मग चारी पायांना कुंकू लावलं, आणि सोबत आणलेल्या अक्षता आफरीनच्या डोक्यावर टाकल्या. ती हसली, केसांत तांदूळ तसेच राहू दिले.

बटण दाबलं. खाली ट्रान्सफॉर्मर गुणगुणला. एकेक करून, काही लागत काही न लागत, चांदण्या उजळल्या. मी दट्ट्या ओढला. गोळी निळ्यात वर गेली, क्षणभर दिसेनाशी झाली, आणि डाव्या बंपरवर आली. टण. आणि सुटली. पुन्हा टण. आणि सुटली. मी डोळे मिटून, पाठीमागे हात बांधून ऐकत होते, त्यामुळे खाली फ्लिपर मारायला कुणीच नव्हतं आणि गोळी सरळ आत गेली.

"आंटी! डाव गेला ना!"

"जाऊ दे," मी म्हटलं.

मग थोड्या वेळाने, तिला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू, मी म्हटलं, "बाबा, अंतर बघा." या वेळी ते थट्टेने म्हटलं नव्हतं. त्यांनी यावं आणि बघावं, एवढंच मला हवं होतं.